मामांच्या दुकानाची साइट, आणि ४० हजारांचा क्लास

तुझं पत्र मिळालं. बीसीएचं शेवटचं वर्ष, कॉलेज सांगलीत, मामांचं तासगावला बेदाणे-हळदीचं दुकान, त्यांची जुनी वेबसाइट मोबाईलवर धड उघडत नाही म्हणून मामा म्हणतायत तूच नवीन करून दे, आणि इकडे एक क्लासवाला शॉपिफाय (महिन्याचं भाडं भरून ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) शिकवायचे ४० हजार मागतोय. क्लास लावू का, आणि यात करिअर होतं का, असं विचारलंयस.

क्लास आत्ता नको. पार्टनर अकाउंट (दुसऱ्यांसाठी दुकानं बनवणाऱ्यांचं खातं) काढलं की शॉपिफायवर सरावाचं स्टोअर फुकट मिळतं आणि एचटीएमएल, सीएसएस येत असेल तर थीमची, म्हणजे दुकानाच्या तयार साच्याची, लिक्विड भाषा काही जड जात नाही. नुसती थीम लावून रंग बदलायचे पैसे आता कुणी देत नाही, दुकानदार स्वतःच करतात. पैसे आहेत ते चालू ऑनलाइन दुकान न मोडता नव्या जागी हलवायचे. मॅजेंटो १ या ऑनलाइन दुकानाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट जून २०२० मध्ये बंद झाला, तेव्हा त्यावरच्या दुकानांना हलायची वेळ आलीच की. म्हणून करिअर होतं म्हणते मी.

सुरुवात डिझाइनपासून करू नकोस, एक्सेलपासून कर. जुन्या साइटवरचा सगळा माल उतरवून घे, बघ, एकच हळद 'हळद पावडर २०० ग्रॅम', 'हळद २०० जीएम', 'हळद पा. छोटी' अशी तीनदा सापडेल. ते एक प्रॉडक्ट कर आणि २०० ग्रॅम, अर्धा किलो, किलो हे त्याचे व्हेरिएंट. सीएसव्ही फाइल (मालाची यादी चढवायची साधी फाइल) यूटीएफ-८ या अक्षरांच्या पद्धतीतच ठेव, नाहीतर मराठी नावांचा पार कचरा होतो, आणि ९१ लावलेले मोबाईल नंबर एक्सेल भलत्याच आकड्यात दाखवतं, तो कॉलम आधीच टेक्स्ट करून टाक. गिऱ्हाइकांचे जुने पासवर्ड शॉपिफायवर नेता येत नाहीत, तसा मेसेज आधीच पाठवायचा. आणि जुनी प्रत्येक लिंक नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) वळव, गुगलवर आणि लोकांच्या व्हॉट्सॲपवर त्याच लिंका पडून आहेत, हे राहिलं तर साइट कितीही देखणी असो, ऑर्डरी कमी झाल्या म्हणून मामा तुलाच बोलणार.

वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे खरं, पण होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, अपडेट, बॅकअप सगळं तुझ्या गळ्यात. मामांकडे कॉम्प्युटरवालं कुणी नाही, त्यामुळे महिन्याचं भाडं भरून शॉपिफायच बरं. पेमेंट गेटवेवाले केवायसी मामांच्या नावानं मागतील, शिवाय साइटवर पत्ता आणि रिफंडचे नियम लागतील, खायचा माल म्हणून एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबरही टाक. यूपीआयनं स्वतः एक ऑर्डर करून रिफंडपर्यंत जाऊन बघ. फक्त दिवाळीच्या तोंडावर बदल करू नकोस बाई, ड्रायफ्रूटचा धंदा तेव्हाच असतो.

मामांकडून थोडे का होईना पैसे घे, आणि काय करणार, काय नाही हे कागदावर लिही, घरचं काम कधी संपत नाही. पुण्याला जायचंच असेल तर हे झाल्यावर जा, इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा ती रिडायरेक्टची शीट आणि आधी-नंतरच्या ऑर्डरी दाखव.

आणि हो, डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, लॉगिन कुणाकडे आहे ते आजच विचार. जुनी साइट केलेल्या पोराकडेच असेल तर पहिलं ते मामांच्या नावावर करून घे, बाकी सगळं त्यानंतर.