मास इफेक्ट ३ मल्टिप्लेअर: सिल्व्हरच्या सहाव्या वेव्हला टीम का कोसळते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मास इफेक्ट ३ या व्हिडिओ गेममध्ये चौघे मित्र मिळून ब्राँझ ही सोपी पातळी आरामात काढता, पण त्यापुढच्या सिल्व्हरला सहाव्या वेव्हचं (शत्रूंच्या लाटेचं) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ठरवून दिलेलं काम, आलं की मॅच हातची जाते. दोन सोल्जर, एक इन्फिल्ट्रेटर आणि तुम्ही ह्यूमन अडेप्ट, म्हणजे पॉवर (विशेष शक्ती) वापरणारा वर्ग. तुमच्याकडे असॉल्ट रायफल आणि शॉटगन, दोन्ही. स्कोअरबोर्डवर बहुतेक वेळा तुम्हीच पहिले असता आणि तरी हरता, म्हणून विचारताय की चांगली बंदूक मिळावी यासाठी खरे पैसे घालून पॅक (आत काय निघेल ते नशिबावर असलेले वस्तूंचे संच) घ्यावेत का.

पैसे अजिबात घालू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला दिसतंय ते असं, की चौघं चार वेगवेगळ्या शत्रूंवर गोळ्या झाडताय. ब्राँझला ते चालून जातं, कारण तिथे शत्रू पटापट पडतात. सिल्व्हरला शील्ड आणि आर्मर इतकं वाढतं की एकट्याने झाडलेल्या गोळ्यांनी समोरचा मरेपर्यंत मागून दुसरा येऊन उभा राहतो.

आधी स्कोअरबोर्डचं बोलतो, कारण बहुतेक नव्या टीम तिथेच फसतात. मॅच संपल्यावर एक्सपी (अनुभवाचे गुण) सगळ्यांना सारखाच मिळतो आणि क्रेडिट्सही (खेळातले पैसे) सारखीच. पहिला आलात काय आणि चौथा आलात काय, पदरात पडतं तेवढंच. मित्राने मारलेला शत्रू तुमच्याही खात्यात जमा होतो. ही एक गोष्ट चौघांच्या डोक्यात नीट बसली की खेळण्याची पद्धत आपोआप बदलते. शेवटची गोळी माझीच लागली पाहिजे म्हणून कोपऱ्यापलीकडे धावत जाणं थांबतं, आणि सिल्व्हरला निम्मी माणसं त्या कोपऱ्यापलीकडेच पडतात.

आता तुमच्या त्या दोन बंदुका. शस्त्रं निवडायच्या स्क्रीनवर पॉवर रिचार्जची टक्केवारी दिसते, ती कधी नीट पाहिलीत का? वजन कमी असेल तर ती +२०० टक्क्यांपर्यंत जाते, जास्त असेल तर उलट्या दिशेने −२०० पर्यंत. मूळ ८ सेकंदांचा कूलडाउन (पॉवर पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) +२०० ला साधारण २.७ सेकंदांवर येतो आणि शून्यावर पूर्ण ८ च राहतो. म्हणजे जितक्या वेळात तुम्ही वॉर्प ही पॉवर एकदा टाकता, तितक्यात हलकं पिस्तूल घेतलेला अडेप्ट ती तीनदा टाकतो. अडेप्टचं खरं शस्त्र त्याच्या पॉवर आहेत. रायफल आणि शॉटगन दोन्ही काढा, सुरुवातीलाच मिळणारं प्रेडेटर पिस्तूल तेवढं ठेवा आणि एक मॅच खेळा. पहिल्या दोन वेव्ह हात रिकामे वाटतील, ते साहजिक आहे. तिसऱ्या वेव्हपर्यंत सवय होते.

आणि आता मुख्य मुद्दा, पॉवर कॉम्बो. या खेळाचा अर्धा जीव इथे आहे, आणि गंमत म्हणजे खेळ स्वतः ते नीट शिकवत नाही. काही पॉवर शत्रूला 'प्राइम' करतात, म्हणजे स्फोटासाठी तयार करतात, काही त्याला 'डेटोनेट' करतात, म्हणजे तो स्फोट घडवतात. बायोटिक (वॉर्पसारख्या) पॉवरने प्राइम झालेल्या शत्रूवर डेटोनेट करणारी पॉवर पडली की बायोटिक एक्स्प्लोजन होतो आणि आजूबाजूच्यांनाही त्याचा तडाखा बसतो. त्या स्फोटाची ताकद दोन्ही पॉवर किती रँकला नेल्यात यावर ठरते. हातात कुठली बंदूक आहे याचा तिथे काही संबंध नाही.

तुमच्या अडेप्टकडे सिंग्युलॅरिटी, वॉर्प आणि शॉकवेव्ह आहेत. सिंग्युलॅरिटीत सापडलेल्यावर वॉर्प टाकला की स्फोट. वॉर्प बसलेल्यावर शॉकवेव्ह मारली तरी स्फोट. पण तिन्ही पॉवरना कूलडाउन सामाईक असल्यामुळे एकट्याने करताना मधे थांबावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की दोघांपैकी एका सोल्जरने ह्यूमन सेंटिनेल घ्यावा. तोही पहिल्या दिवसापासून सगळ्यांकडे असतो. त्याच्याकडे वॉर्प आहे, टेक आर्मर आहे आणि थ्रो आहे. थ्रोचा कूलडाउन मुळातच छोटा. तुम्ही वॉर्प टाकायचा, त्याने त्याच शत्रूवर थ्रो मारायचा. तुमचा पुढचा वॉर्प तयार होईपर्यंत तो स्वतः वॉर्प आणि थ्रो करून आणखी एक स्फोट काढू शकतो.

यासाठी बोलावं लागतं, आणि बोलणं थोडक्यात हवं. आमच्यात दोनच शब्द ठरलेले होते. "डावा ब्रूट, वॉर्प" (ब्रूट हा एक धिप्पाड शत्रू) असं मी म्हणायचो आणि "थ्रो" म्हणत दुसरा मारायचा. बाकी गप्पा वेव्ह संपल्यावर.

शत्रूच्या डोक्यावरच्या पट्टीचा रंगही बघत चला. निळी म्हणजे शील्ड, जांभळी म्हणजे बॅरिअर, पिवळी म्हणजे आर्मर, लाल म्हणजे नुसता जीव. ओव्हरलोड शील्ड आणि बॅरिअर फाडतो, इन्सिनरेट आर्मर वितळवतो, वॉर्प बॅरिअर आणि आर्मर दोन्हींवर चालतो. तुमच्या टीममध्ये ओव्हरलोड कुणाकडेच नाही, आणि सर्बेरस किंवा गेथ हे शत्रूगट समोर असले की ती उणीव जाणवणारच. दुसऱ्या सोल्जरची हौस बंदुकीचीच असेल तर राहू द्या. त्याला बदल चालणार असेल तर ह्यूमन इंजिनिअर द्या. इन्सिनरेटने पेटलेल्यावर ओव्हरलोड मारला की आगीचा स्फोट होतो आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या कुणाची गरजही लागत नाही.

पॉइंट कुठे घालायचे हेही तुम्ही विचारलंय. २० व्या लेव्हलला एकूण ८४ पॉइंट मिळतात. एक पॉवर सहाव्या रँकपर्यंत न्यायला २१ लागतात. म्हणजे पाचपैकी चार पूर्ण भरता येतात आणि एक रिकामी ठेवता येते. पाचही थोड्या थोड्या भरल्यात तर कॉम्बो लुळे पडतात. सेंटिनेल सोबत असेल तर मी शॉकवेव्ह सोडून देईन आणि सिंग्युलॅरिटी, वॉर्प, क्लासची पॅसिव्ह (आपोआप चालू असणारी क्षमता) आणि फिटनेस पूर्ण भरेन. सिल्व्हरपुढच्या गोल्ड पातळीला सरावलेले बरेच जण फिटनेसच रिकामं ठेवतात. ते पाहून तुम्ही इतक्यात तसं करू नका, तुम्हाला ती शील्ड लागणार आहे.

आता तुमची सहावी वेव्ह. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या वेव्हला ऑब्जेक्टिव्ह येतं आणि मोठी क्रेडिट्स तिथेच मिळतात. तुम्ही लिहिलंय की वर्तुळात उभं राहून हॅक करायचं आलं की सगळे आत शिरता आणि घेरले जाता. वर्तुळात जितकी माणसं तितकं काम लवकर, हे खरं आहे. पण सगळ्यांनी एकाच खांबामागे उभं राहायचं नसतं. दोघांनी एक वाट धरायची, दोघांनी दुसरी, आणि पाय वर्तुळातच ठेवायचे. एकेक करून चार उपकरणं चालू करायची असतील तर ते काम इन्फिल्ट्रेटरचं. त्याने टॅक्टिकल क्लोक (थोडा वेळ अदृश्य करणारी पॉवर) टाकून जायचं आणि बाकी तिघांनी शत्रूंना आपल्याकडे गुंतवून ठेवायचं. चार ठरावीक शत्रू मारायचे असतील तर चौघांनी एकदम एकावरच तुटून पडायचं. तिथे कॉम्बोची जोडी सोन्यासारखी उपयोगी पडते.

लॉबीत शत्रू कोण हवा ते निवडता येतं, हे तुमच्या लक्षात आलंय का माहीत नाही. नवी जोडी बसवताना काही मॅच गेथविरुद्ध खेळा. त्यांचे धक्के त्रास देतात, पण तुम्हाला पकडून एका फटक्यात संपवणारा त्यांच्यात कुणी नाही. सर्बेरसमध्ये फँटम आणि अ‍ॅटलास, रीपरमध्ये ब्रूट आणि बॅन्शी असे असतात, की हातात सापडलात तर मेडी-जेलसुद्धा (पडल्यावर स्वतःला उठवणारं औषध) उपयोगाचं नाही, ती वेव्ह संपेपर्यंत बघत बसायचं. सर्बेरसच्या ढालवाल्या गार्डियनला घाबरू नका. त्याच्या ढालीला डोळ्यांसमोर एक फट असते, तिच्यातून पिस्तुलाने नेम साधता येतो. कुणाकडे पुल असेल तर तो ढालच हातातून ओढून काढतो, मग मागे राहतो तो साधा शिपाई.

रिव्हाइव्ह करण्याबद्दल, म्हणजे पडलेल्याला उठवण्याबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून एक प्रसंग सांगतो. गोल्ड, रीपर, दहावी वेव्ह. आमचे दोघे आडवे. मी सेंटिनेल, शील्ड संपलेली, एका पेटीमागे. आमच्या इन्फिल्ट्रेटरकडे स्नायपर होती आणि समोर बॅन्शी, जांभळी पट्टी गेलेली, पिवळी निम्मी उरलेली. दोन गोळ्यांत ती पडली असती आणि त्याच्या नावावर गेली असती. त्याने क्लोक टाकला, बॅन्शीच्या पाठीमागून वळसा घातला आणि पडलेल्या अडेप्टजवळ जाऊन बटण दाबून धरलं. उठवताना क्लोक मोडत नाही, हे त्याला माहीत होतं. ती किंचाळत, झेपा टाकत माझ्याकडे येत राहिली. मी मागे सरकत वॉर्प टाकला, आणि त्याच क्षणी उठलेल्या अडेप्टने उठल्या उठल्या थ्रो मारला. स्फोटात ती गेली, पायाशी जमलेले हस्कही (रीपरचे साधे शत्रू) गेले. त्या मॅचला आमचा इन्फिल्ट्रेटर स्कोअरबोर्डवर चौथा होता. आजही मला गोल्डला जायचं असेल तर पहिला निरोप त्यालाच जातो.

तुम्ही स्वतः पडलात तर बटण सतत दाबत राहा, जीव जाण्याचा वेग मंदावतो आणि मित्राला पोचायला वेळ मिळतो. कुणी जवळ येत असेल तर मेडी-जेल वाचवा. तुम्हीच शेवटचे उरला असाल आणि पडलात तर मात्र लगेच वापरा, चौघेही आडवे झाले की मॅच संपलीच. कोब्रा मिसाइल साध्या शत्रूंवर उडवू नका, दहाव्या वेव्हच्या ऑब्जेक्टिव्हला जेव्हा एखादा धिप्पाड नेमका वर्तुळावर येऊन बसतो तेव्हासाठी ठेवा.

पॅकचं म्हणाल तर खेळून मिळणारी क्रेडिट्स पुरेशी आहेत. रिक्रूट पॅक ५,००० चा, व्हेटरन २०,००० चा, स्पेक्टर ६०,००० चा. सुरुवातीचे काही रिक्रूट घ्या, मेडी-जेल आणि मिसाइल भरून निघतात, मग व्हेटरनकडे वळा. स्पेक्टरसाठी साठवत बसणं इतक्यात नको. त्यात एक दुर्मीळ वस्तू नक्की मिळते, पण ती तुमच्या वर्गाच्या उपयोगाची असेलच असं नाही. एखाद्या जड बंदुकीचा पहिला रँक मिळाला तर अडेप्टला ती ओझंच. बंदुकीचा रँक चढतो तसं तिचं वजन उतरतं, त्यामुळे तीच बंदूक पुढे कधीतरी परवडू शकते. नवं पात्र मिळालं तर ते जरूर वापरून बघा, एका वर्गातल्या सगळ्या पात्रांची लेव्हल एकच असते. असारी अडेप्ट मिळाली तर तिच्याकडे वॉर्प आणि थ्रो दोन्ही आहेत, मग जोडीदार दमला तरी तुमचं चालू राहील.

तुमच्या पाचव्या मित्राने लेजंडरी एडिशन घेतलीय आणि त्याला मल्टिप्लेअर सापडत नाहीये, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. २०२१ च्या त्या आवृत्तीत मल्टिप्लेअर घेतलेलंच नाही. त्याला २०१२ चा मूळ खेळ लागेल.

अकराव्या, म्हणजे शेवटच्या, वेव्हला पोचलात की एवढं करा. तुम्हाला न्यायला येणारं शटल यान यायला दोन मिनिटं असतात. ती सगळी मिनिटं उतरण्याच्या जागेवर उभं राहून काढू नका, ती जागा बहुधा उघडी असते आणि शत्रू चारही बाजूंनी येतात. जवळच्या आडोशाला चौघं एकत्र राहा, घड्याळावर लक्ष ठेवा आणि शेवटच्या वीसेक सेकंदांत एकदम आत शिरा. कुणी बाहेर पडलेला असेल तर त्याला उठवायला एकच जण जाऊ दे, आणि तो क्लोकवाला असू दे.