शिकताना पडलेले प्रश्न : नर्सिंग, समाजकार्य, अंगणवाडी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

बारावी कला शाखेतून ५२ टक्क्यांनी पास झाले. एका संस्थेची माणसं घरी आली होती. ‘एएनएमच्या बरोबरीचा’ सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी चाळीस हजार, सरकारी नोकरीला चालतो, असं म्हणाली. पप्पा पैसे भरायला निघालेत. काय करू?
*– वाचक, अमळनेर तालुका*

पप्पांना आधी थांबवा. एएनएमच्या ‘बरोबरीचा’ सहा महिन्यांचा कोर्स अस्तित्वातच नाही. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स, तो दोन वर्षांचा असतो. बारावी कला शाखा त्याला चालते, वय १७ ते ३५ लागतं. जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा, त्यालाही कला शाखा चालते, पण एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के हवेत. म्हणजे तुमच्या गुणपत्रिकेत ५२ पेक्षा इंग्रजीचा आकडा महत्त्वाचा, तो आधी बघा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि सीईटी लागते, तेव्हा ती वाट तुमच्यासाठी नाही.

खरा प्रश्न नोंदणीचा आहे. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागलं तरच तुम्ही परिचारिका. ते नाव मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर लागत नाही, आणि हे पोरींना कळतं ते पैसे भरून, कोर्स संपवून अर्ज करायला गेल्यावर. म्हणून संस्थेला तीन गोष्टी लेखी मागा: या वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, तिथे खाटा किती. एका विद्यार्थिनीमागे तीन खाटा हे साधारण प्रमाण आहे. साठ मुली आणि वीस खाटांचा दवाखाना असेल तर तिथे तुम्ही इंजेक्शन द्यायला नाही, भिंतीला टेकून उभं राहायला शिकाल. मूळ गुणपत्रिका ‘आमच्याकडे ठेवा’ म्हणणाऱ्या संस्थेतून सरळ उठून या. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

जनरल ड्यूटी असिस्टंटसारखे छोटे कोर्स वाईट नाहीत. रुग्णाला आंघोळ, खाणं, कूस बदलणं, तापमान-नाडी मोजणं हे त्यात नीट शिकवलं तर काम मिळतं. फक्त ते मदतनिसाचं शिक्षण आहे, इंजेक्शन-सलाईनचा अधिकार त्यातून येत नाही. मागासवर्गीय असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाका आणि प्रवेश झाल्यावर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. प्रवेशाच्या गर्दीत सर्वांत जास्त अडतं ते वैधतेपाशी.

मुलांना एएनएम करता येतं का?
*– वाचक, चोपडा*

नाही, तो मुलींसाठीच आहे. जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग मुलांना खुलं आहे.

अंगणवाडीत पोस्टिंग सुरू आहे. चौदा महिन्यांच्या एकाच बाळाची लांबी मी मोजली तर ७१.४ सेंमी आली, मैत्रिणीने मोजली तर ७३.१. मॅडमनी दोघींना सुनावलं, पण चूक कुठे ते सांगितलं नाही.
*– एएनएम विद्यार्थिनी, शहादा तालुका*

जवळजवळ पावणेदोन सेंमीचा फरक बाळाचा नाही, मोजण्याचा आहे. आणि तो साधा नाही: लांबी जास्त लिहिली की त्या लांबीला अपेक्षित वजनही वाढतं, आणि धडधाकट बाळ तक्त्यावर कुपोषित दिसतं. उलट झालं तर खरं कुपोषित बाळ निसटतं. आमच्या मते दुसरी चूक जास्त महागाची.

दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर उभं करून. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त येते, म्हणून पद्धत बदलली तर नोंदीत लिहावं लागतं. तुमचं बाळ झोपवूनच मोजायचं, त्याला दोघी लागतात. एकीने डोकं धरायचं: शेंडी, क्लिप, टोपी काढून टाळू स्थिर फळीला चिकटवायची, नजर सरळ वर. डोकं फळीपासून सुटलं की आकडा वाढतो. दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना लावायची. गुडघा वाकलेला राहिला की आकडा घटतो, बाळाने पाऊल ताणून बोटंच फळीला टेकवली की वाढतो. बाळ रडत असेल तर दोन्ही पाय सरळ राहतच नाहीत, आईला त्याच्या डोक्यापाशी, दिसेल असं बसवा. मिलिमीटरपर्यंत वाचा, दोनदा मोजा, अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वजनकाट्याला आधी रिकामी झोळी अडकवून मग शून्य करा. हे सर्रास राहतं आणि झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं. पाय जमिनीला किंवा आईचा हात झोळीला लागलेला नको.

दंडघेर डाव्या हाताचा. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य हात दुमडून काढायचा, पण पट्टी हात सैल सोडूनच लावायची. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. पट्टी आवळली की आकडा कमी, सैल राहिली की जास्त.

आणि पायाची सूज आधी बघा, वजन मागून. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर वजन कितीही छान असू दे, ते मूल तीव्र कुपोषित धरून लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं. सुजेचं पाणीच वजन वाढवून दाखवतं.

राहिलं वय. धडगाव-अक्कलकुव्याकडे जन्मतारीख विचारली तर ‘भोंगऱ्याच्या आधी’, म्हणजे होळीच्या तोंडावर भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या आधी, असं उत्तर मिळतं. ते टाकून देऊ नका. माता-बाल संरक्षण कार्ड बघा, नसेल तर त्या वर्षीच्या होळीच्या तारखेवरून महिना काढा. ‘अंदाजे एक वर्ष’ लिहिलेली नोंद वयानुसार वजनाच्या तक्त्यावर काहीच कामाची नसते.

एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) क्षेत्रकार्य रुग्णालयात आहे. सोळा वर्षांची गरोदर मुलगी आली. लग्न झालंय म्हणते. कुणाला सांगू नका, अशी गळ घालते. वर्गात तर गोपनीयता शिकवली.
*– विद्यार्थी, धुळे*

लग्न झालेलं असलं तरी कायद्याने ती बालकच आहे. अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा गुन्हा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तेव्हा ‘कुणालाच सांगणार नाही’ हे वचन तुम्ही देऊच नका. पहिल्या भेटीतच म्हणा: तुझ्या सुरक्षिततेसाठी काही लोकांना सांगावं लागेल, कुणाला आणि काय ते मी तुला आधी सांगेन.

त्याच दिवशी उपचार करणारे डॉक्टर आणि क्षेत्रकार्य पर्यवेक्षक या दोघांना लेखी कळवा. स्वतः घरी जाऊन सासरच्यांची ‘चौकशी’ करू नका. त्याने मुलगी रातोरात गावाबाहेर हलवली जाते. पोलिसांचं पत्र येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. तिला गर्भपात हवा असेल तर २०२२ च्या निकालाने थोडी वाट दिली आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांना पोलिसांकडच्या माहितीत तिचं नाव-ओळख उघड करावी लागत नाही. ही सवलत डॉक्टरांसाठी आहे, ती वापरायची का ते त्यांना ठरवू द्या. निवारा किंवा समुपदेशन लागलं तर बालकल्याण समिती, आणि रात्री-अपरात्री बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

क्षेत्रकार्याच्या जर्नलमध्ये नाव, गाव, आडनाव काहीच नको. ‘मु., वय १६’ पुरे. गाव लहान असेल तर तालुकासुद्धा गाळा.

अंगणवाडीतली तीन-चार वर्षांची मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. पाठ घ्यायचा कसा?
*– बालशिक्षण पदविका विद्यार्थिनी, पारोळा*

घरी ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘मला भूक लागली आहे’ असं म्हणायला लावलं तर ते गप्पच बसणार. पहिले काही आठवडे त्याचं बोलणं दुरुस्त करू नका. त्याने अहिराणीत सांगितलं की तुम्ही तेच सहज मराठीत म्हणून पुढे चला. सूचना कृतीतून द्या, गाणी घरची घ्या. पाठाच्या नोंदीत ‘मूल प्रतिसाद देत नाही’ लिहिण्याआधी त्याच्याच भाषेत एकदा विचारून बघा. पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात मदतनीस ताईंना शेजारी बसवा, गट दहा-बारांचाच ठेवा. तरीही हाकेला मान वळवत नसेल तर मात्र श्रवण तपासणीला पाठवा.

घरी रुग्णसेवेचं काम शिकतोय. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या माकडहाडावर लाली आली आहे. घरचे तेल लावून चोळा म्हणतात.
*– प्रशिक्षणार्थी, भुसावळ*

चोळू नका. आधी बोटाने दाबून सोडा. लाली क्षणभर पांढरी होऊन परत आली तर कातडीखालचं रक्त अजून फिरतंय, दाब काढला की ती उतरेल. दाबूनही लालच राहिली तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असं धरा. तिथे चोळलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात. मधे भोक असलेली हवेची रिंगही नको, तिच्या कडेने उलट रक्त अडतं.

दर दोन तासांनी कूस बदला आणि वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर रात्रीच्या दोन पाळ्या हमखास चुकतात. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांवर तिरकं ठेवा. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी. वर ओढताना घासत ओढायचं नाही, आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं. भुसावळच्या मे महिन्यात रबरी कापड थेट अंगाखाली असेल तर घामाने कातडी भिजून सोलते. त्यावर सुती चादर घाला आणि ओली झाली की लगेच बदला. फोड आला किंवा कातडी उघडली तर हळद-पावडर काही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.