दिसायला भयंकर, पण माणसाला सहसा काही न करणारे प्राणी कोणते?

पहिला नंबर धामणीचा. बाकीचे तिच्या मागून.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे दिवेलागणीनंतर ‘साप’ असं कुणी म्हणत नाही, ‘जनावर’ म्हणतात. आठवीच्या मे महिन्यात मी न्हाणीघरात शिरलो, कडी लावली आणि वर बघितलं, तर वाशावर माझ्यापेक्षा लांब जनावर. मला बघताच ते खाली उतरलं. दार बंद, त्यामुळे चुलवणामागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं, गळा फुगवला आणि मांजर गुरगुरावं तसा आवाज काढला. हातांना एवढा कंप सुटला होता की कडी निघेना. शेवटी कसाबसा बाहेर आलो, तर मामा शांतपणे म्हणाला, “बाजूला हो, तिला वाट दे.” वाट मिळाल्याबरोबर ती भिंतीच्या कडेकडेने निघून गेली. जाताना तिचं तोंड जवळून दिसलं. ओठांवर उभ्या काळ्या रेघा, जणू कुणी तोंड टाके घालून शिवलंय. डोळे मोठे, बाहुली गोल.

धामण बिनविषारी. सहा-सात फूट लांबी तर सर्रास, क्वचित त्याहून बरीच जास्त. उंदीर आणि बेडूक हे तिचं खाणं, म्हणून ती गोठ्यात, मांगरात, भाताच्या कणगीजवळ दिसते. नागही उंदरांमागे तिथेच येतो, रंगही साधारण तसाच, त्यामुळे नाग समजून धामणी मारल्या जातात. त्यात ती दिवसा फिरते, म्हणजे काठी घेतलेल्या माणसासमोर आयतीच. फरक सांगायचा तर नागाचा फणा आडवा पसरतो, धामणीचा गळा उभा फुगतो.

तिच्याबद्दलच्या गोष्टी विचारू नका. म्हणे गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. सापाचे दात आत वळलेले, चोखता येतील असे मऊ ओठ नाहीत. सडाला तोंड लावलंच तर गाय लाथ झाडल्याशिवाय राहील का? दुसरी गोष्ट शेपटीची. फटका बसला की अंग सडतं म्हणतात. तसलं काही होत नाही. आणि दोन जनावरं एकमेकांना पीळ घालून उभी राहिली की ‘नाग-धामणीचं लगीन’ म्हणून लोक नवं कापड टाकायला धावतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात, मादीसाठी कुस्ती खेळणारे.

गंमत अशी, की त्याच आजोळी खरी धास्ती ज्याची बाळगायची, ते विषारी फुरसं जेमतेम दीड-दोन वीत असतं. जांभ्याच्या चिऱ्याखाली, पाचोळ्यात बसतं, दिसतही नाही. लांबीवरून भीती ठरवायची तर आपण नेमकं उलटं करतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी जातींची ओळख करून घ्या, निम्मी घबराट तिथेच जाईल.

मात्र हे वाचून कुणी धामण उचलायला जाऊ नका. पकडली तर ती चावते, रक्तही काढते. आणि ती धामणच आहे हे त्या घाईत कोण ठरवणार? कोणताही साप चावला आणि ओळख पक्की नसेल तर सरळ दवाखाना. घरात साप शिरला तर महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेवढं लक्षात असू द्या.

बाकीच्यांत सापसुरळी: चकचकीत अंगामुळे उगाच विषारी ठरलेली, विष नाही. गव्हाणी घुबड: पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड, रात्री अंगावर काटा आणणारी किंचाळी, पण जन्मभर उंदीरच मारतं. वटवाघूळ अंगावर येत नाही, केसांत अडकत नाही. पण जमिनीवर पडलेलं दिसलं तर हात लावू नये, त्यातून रोग येऊ शकतात.

आणि एक राहिलाच, तळहाताएवढा कोळी. जाळं विणत नाही, भिंतीवर चपटा पसरून बसतो आणि झुरळावर झडप घालतो. सध्या माझ्या ठाण्याच्या घरात बाथरूमच्या आरशामागे एक मादी आहे. पोटाखाली अंड्यांची पांढरी, चपटी, रुपयाच्या नाण्यासारखी पिशवी धरून फिरते. जवळ गेलो की पिशवीसकट आरशामागे पसार. बायकोने झाडू दोनदा उचलला, दोन्ही वेळा मी मध्ये पडलो. पिल्लं बाहेर पडल्यावर काय करायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.