गवताचा मोअर विकत घ्यावा, की कापणीला माणूस लावावा?

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रावरून कळते, की गेल्या सप्टेंबरात तुम्ही टाउनहाउस सोडून न्यू जर्सीतील हिल्सबरो येथे पाव एकराच्या प्लॉटवरील स्वतंत्र घरात राहायला आलात. आजवर घरमालकांच्या असोसिएशनच्या वर्गणीतून परस्पर कापले जाणारे गवत आता तुमच्या गळ्यात पडले आहे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. दुकानातील ५४९ डॉलरचा, स्वतःच्या जोरावर पुढे सरकणारा गॅसचा (म्हणजे पेट्रोलचा) मोअर दुकानाच्याच क्रेडिट कार्डावर 'बारा महिने बिनव्याजी' घेणे, ही पहिली. फ्लोरिडाला कायमचे निघालेल्या शेजाऱ्यांचा सहा वर्षे वापरलेला मोअर १५० डॉलरला घेणे, ही दुसरी. दर खेपेला ५० डॉलर घेणाऱ्या माणसाला काम देऊन मोकळे होणे, ही तिसरी. तुमच्या पगाराचा तासाचा हिशेब साठ डॉलरच्या आसपास येतो, म्हणून माणूस लावणेच शहाणपणाचे, असे ऑफिसातील मित्रांचे मत आहे, आणि ते तुम्हालाही पटू लागलेले दिसते.

साठ डॉलरच्या या हिशेबापासूनच सुरुवात करतो, कारण पत्रातील सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. शनिवारी सकाळी वाचलेला तास तुम्ही कोणाला विकणार आहात? तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, म्हणजे ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याखेरीज इतरत्र पैसे घेऊन काम करण्याची मुभा तुम्हाला नाही, आणि पगार ठरलेला असल्याने त्याच कंपनीत जादा तास बसलात तरी एक डॉलर वाढत नाही. शिवाय ते साठ डॉलर कर कापण्यापूर्वीचे आहेत. फेडरल कर, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के वजा जाता हातात चाळीस-बेचाळीस पडत असतील. याउलट, न दिलेल्या मजुरीवर कोणी कर मागत नाही. वेळेला किंमत आहेच, परंतु ती मुलाबरोबर घालवलेल्या सकाळीची किंमत म्हणून मोजा, पगाराच्या भावाने मोजू नका.

आता आकडे. आपल्याकडे न्यू जर्सीत गवत एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत वाढते. मे महिन्यात आठवडाही थांबत नाही, तर जुलै-ऑगस्टच्या उन्हात पंधरा-पंधरा दिवस हात लावावा लागत नाही. सर्व मिळून हंगामात सव्वीस खेपा धरल्या, तर ५० डॉलरप्रमाणे १,३०० होतात, आणि न्यू जर्सीत या कामावरही ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, म्हणून वर्षाचा खर्च १,३८६ डॉलर. तोंडी भाव सांगताना कराचा उल्लेख सहसा होत नाही, तेव्हा तो आधीच विचारून घ्यावा.

नवा मोअर करासह ५८५ डॉलरला पडेल. परंतु मोअर एकटा घरी येत नाही. कुंपणाच्या कडेचे आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचे गवत त्याच्या पात्याखाली येत नसल्याने ट्रिमर लागतो, गॅसचा डबा लागतो, कानांवर आवाज अडवणारी टोपणे लागतात. यासाठी १७५ डॉलर धरा, म्हणजे पहिल्या दिवशी ७६० गेले. पुढे दरवर्षी सात-आठ गॅलन गॅस, ऑइलची एक बाटली, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधन टिकवणारे औषध आणि पात्याला धार, हे सर्व ऐंशी डॉलरच्या आत बसते. पाच वर्षांत एकदा दुकानात न्यावे लागेल असे मानून त्याचे १५० जोडले, तरी पाच वर्षांचा एकूण खर्च १,३१० डॉलर होतो, म्हणजे माणसाला एका हंगामात द्याल त्याहून कमी. कडा कापण्यासह खेपेला एक तास लागेल. त्या हिशेबाने पहिल्या वर्षी तुम्ही तासाला एकवीस डॉलर वाचवता आणि दुसऱ्या वर्षापासून पन्नास.

एवढ्यावर निकाल लागला असे वाटेल, परंतु या गणितात एक गृहीत लपलेले आहे: यंत्र पाच वर्षे चालेल. मोअर वापरून झिजण्याआधी बहुधा गराजमध्ये पडून मरतो. आपल्याकडच्या गॅसमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते, आणि महिना-दीड महिना टाकीत राहिलेल्या इंधनाचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंधनात हवा मिसळणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या छिद्रांत जमतो. माझ्या पहिल्या मोअरची हीच गत झाली. नोव्हेंबरात अर्धी टाकी तशीच ठेवून मी गराजचे दार लावले. एप्रिलमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, आणि शेवटी कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी हिरवट, मधासारखा दाट गाळ होता आणि त्याला जुन्या व्हार्निशचा वास येत होता. दुकानाने ११० डॉलर घेतले. वर हंगामाची गर्दी म्हणून तीन आठवडे लावले, आणि तेवढ्यात गवत गुडघ्याला आले म्हणून माणूस बोलवावाच लागला. दहा डॉलरच्या औषधाचा कंटाळा मला दोनशेला पडला. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने हे सांगणे शोभत नाही, पण झाले ते असे.

म्हणून मोअर घेणाऱ्याने पुढील कामे स्वतः करीन, एवढे तरी मनाशी ठरवावे. नव्या यंत्राचे पहिले ऑइल साधारण पाच तासांच्या वापरानंतर आणि पुढे दर हंगामाला बदलायचे. 'ऑइल बदलावे लागत नाही' अशी जाहिरात असलेल्या इंजिनांचेही मी बदलतो. पात्याला हंगामात निदान एकदा, शक्यतो दोनदा धार लावायची, कारण बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते, आणि दोन दिवसांत शेंडे पिवळे पडतात. पात्याकडे हात नेण्यापूर्वी प्लगची वायर काढायची, आणि यंत्र आडवे करताना कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असे पाहायचे, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते. शेवटच्या कापणीनंतर टाकीत औषध घालून इंजिन दहा मिनिटे चालवायचे किंवा टाकी पूर्ण रिकामी करायची. न्यू जर्सीत गॅस आपल्या हाताने भरता येत नाही, तेव्हा डबा जमिनीवर ठेवून पंपावरच्या माणसाला 'रेग्युलर' असे स्पष्ट सांगावे. पंधरा टक्के इथेनॉलचे, '८८' म्हणून विकले जाणारे स्वस्त इंधन अशा लहान इंजिनांना चालत नाही. या सर्वांना वर्षाकाठी चार-पाच तास पुरतात. तेवढे होणार नसतील, तर माणूस लावा. मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही.

दुकानाच्या कार्डाविषयी मात्र माझे मत ठाम आहे: ते घेऊ नये. 'बारा महिने बिनव्याजी' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी व्याज माफ असा नसून व्याज तहकूब असा असतो. बाराव्या महिन्याच्या अखेरीस चाळीस डॉलर जरी उरले, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सर्व व्याज तीस टक्क्यांच्या आसपासच्या दराने एकदम लागते, आणि तुमच्या ५८५ डॉलरवर ते शंभराच्या घरात जाईल. त्यांनीच सुचवलेली जादा वॉरंटीही नको. गॅस शिळा झाल्याने बिघडलेले इंजिन अशा वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि मोअर बिघडतो तो मुख्यतः त्यानेच.

तुमची बचत ११,००० डॉलर आणि घरखर्च महिन्याला ५,२००, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची बेगमी आहे. एच-१बीवर नोकरी गेली, तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, आणि त्या साठ दिवसांत घराचा हप्ता थांबत नाही. तुमच्या जागी मी सहा महिन्यांची बेगमी होईपर्यंत दरसालचे १,३८६ डॉलर गवतावर घालणार नाही, आणि एकरकमी ७६० काढतानाही विचार करेन. म्हणून माझा कल शेजाऱ्यांच्या यंत्राकडे आहे. ते होंडाचे आहे असे तुम्ही लिहिता. होंडाने २०२३ मध्ये गॅसचे मोअर बनवणे बंद केले, तरी सुटे भाग मिळत आहेत, त्यामुळे तेवढ्या कारणाने बिचकू नये. १५० डॉलर, वर फिल्टर, प्लग, नवे पाते आणि ऑइल यांचे साठ, असा २१० डॉलरमध्ये हंगाम सुरू होईल; ट्रिमर सध्या उसना आणता आला तर पाहावे. हे काम आपल्याला झेपते का, याचे उत्तर ऑक्टोबरपर्यंत कळेल. नाही झेपले, तर पुढच्या एप्रिलमध्ये, मागणी असते तेव्हा, तोच मोअर शंभराला विकता येईल.

बॅटरीच्या मोअरचे तुम्ही ओझरते विचारले आहे. पाव एकराला तो पुरतो आणि हिवाळ्याची कटकट वाचते, परंतु किंमत अधिक असते आणि काही वर्षांनी नव्या बॅटरीचा मोठा खर्च येतो. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून बनलेल्या गॅसच्या नव्या मोअरची विक्री बंद करण्याचा नियम केला. न्यू जर्सीत तसे नाही. बेगमी पूर्ण झाली की हा विषय पुन्हा काढू. आणि 'पुढे मुलगाच कापेल' असे जे लिहिले आहे, त्याला अजून दोन वर्षे आहेत. तो दहाचा आहे, आणि असा मोअर चालवायला निदान बारा वर्षे पूर्ण असावीत, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे.

शेजाऱ्यांकडे शनिवारी सकाळी जा, आणि मी येईपर्यंत मोअर सुरू करू नका, असे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दोरीला हात लावण्यापूर्वी इंजिनावर तळवा ठेवून पाहा. ते गार असले पाहिजे, कारण तापवून ठेवलेले इंजिन कोणाच्याही हातून सुरू होते. डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑइल मोजण्याच्या सळईवरचे, ऑइल काळे असले तरी चालेल, दुधाळ दिसले किंवा त्याला गॅसचा वास आला तर चालणार नाही. तीन-चार ओढींत सुरू व्हावे, आणि दांड्यावरची पट्टी सोडल्यावर पाते तीन सेकंदांच्या आत थांबावे. सुरक्षेचा नियमच तसा आहे. चालू असताना हाताला मुंग्या येण्याइतके थरथरत असेल, तर पाते कधीतरी दगडावर आपटून ते फिरवणारा इंजिनातला दांडा वाकला असण्याचा संभव आहे, आणि असे यंत्र फुकट दिले तरी घेऊ नये. बंद करून, वायर काढून, आडवे केल्यावर खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. गंज खरवडून निघाला तर हरकत नाही, टोक आत शिरले तर आभार मानून परत या. सर्व ठीक निघाले तर १२० ला मागा. ते जूनमध्ये घर रिकामे करणार आहेत आणि हा मोअर फ्लोरिडाला नेणार नाहीत.