डब्यातला मोबाइल वाजला कसा?

प्रश्न: पुस्तकात दिलंय की पोकळ वाहकाच्या (म्हणजे धातूसारख्या वीज वाहू देणाऱ्या वस्तूच्या) आत विद्युतक्षेत्र शून्य असतं. म्हणून मी मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि आईच्या फोनवरून कॉल केला तर आत चक्क रिंग वाजली. मग चूक कुठे झाली? आणि विजा चमकत असताना शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली थांबलं तर चालतं का? घरचे म्हणतात पत्रा आहे, काही होत नाही.
– बारावीतली एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर: पुस्तकातलं बरोबर आहे आणि तू करून बघितलंस याचा मला फार आनंद झाला, बहुतेक मुलं नुसतं पाठ करतात.

आधी एक गैरसमज काढू. धातू विद्युतक्षेत्राला भिंतीसारखा अडवतो असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नसतं गं. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात ना, ते बाहेरच्या क्षेत्राच्या ओढीने सरकतात, एका बाजूला जास्त होतात, दुसऱ्या बाजूला कमी पडतात, आणि या नव्या मांडणीचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं जे आत बाहेरच्या क्षेत्राच्या बरोबर उलट असतं. धातूत जरासं जरी क्षेत्र शिल्लक असेल तरी इलेक्ट्रॉन सरकतच राहणार, म्हणजे ते थांबले की समजायचं बेरीज शून्य झाली. आता तू म्हणशील की पोकळीत तर इलेक्ट्रॉनच नाहीत, तिथे शून्य का? समज पोकळीत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत क्षेत्र आहे, मग त्या दोन भिंतींच्या विभवात (विद्युतदाबात, म्हणजे व्होल्टेजमध्ये) फरक हवा, पण दोन्ही एकाच धातूच्या आणि एकमेकींना जोडलेल्या, विभव सगळीकडे सारखंच, मग क्षेत्र राहील कसं? मला हा युक्तिवाद आजही तितकाच आवडतो. फक्त आत वेगळा प्रभार ठेवलेला नको, तो असेल तर आत क्षेत्र असतं आणि डब्याला अर्थिंग नसेल तर ते बाहेरही जाणवतं.

मायकल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1836 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वतः आत बसून तपासलं. 12 फूट लांब, रुंद आणि उंच अशी लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारांची जाळी, वरून कागद आणि कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या. ही अख्खी खोली जमिनीपासून इन्सुलेट करून बाहेरून यंत्राने प्रभारित केली, इतकी की बाहेरच्या बाजूने मोठमोठ्या ठिणग्या उडत होत्या, आणि हा माणूस आत पेटत्या मेणबत्त्या आणि इलेक्ट्रोमीटर (प्रभार ओळखणारं उपकरण) घेऊन बसलेला. आत कशावरच काही परिणाम दिसला नाही. आणि बघ, तिथे सलग पत्रा नव्हता, जाळीवरच काम भागलं.

मग तुझा डबा का फसला? पुस्तकातला नियम स्थिर क्षेत्राचा आहे, मोबाइलची लहर 900 मेगाहर्ट्झची धरली तर ती सेकंदाला 90 कोटी वेळा मागेपुढे होते. इलेक्ट्रॉनना तेवढ्यात सरकायला काही अडचण नाही, ते आरामात जमवतात. पण झाकण आणि डब्याच्या मध्ये गोल फिरणारी बारीक फट राहते, झाकण मोजक्या ठिकाणीच टेकतं आणि बाकी ठिकाणी करंटची वाट तुटते. फट किती रुंद यापेक्षा ती किती लांब हे जास्त महत्त्वाचं असतं. 900 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण 33 सेंमी, आणि फटीची लांबी तिच्या निम्म्याच्या आसपास गेली की लहर तिथून मजेत आत शिरते. तुझ्या झाकणाचा घेर टेपने मोज, लगेच पटेल. मायक्रोवेव्हच्या दाराच्या जाळीला बारीक बारीक भोकं असतात पण तिथली लहर 12 सेंमीची, म्हणून ती बाहेर येत नाही आणि आपल्याला आतला भात दिसतो. आता मोबाइल पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये दोन-तीन थर गुंडाळ, कडा नीट दुमडून दाबून टाक आणि परत कॉल लाव. मी केलं तेव्हा रिंग बंद झाली, एक कोपरा उघडल्यावर परत वाजली.

आता शेडचं, आणि हे घरी सगळ्यांना वाचून दाखव. चार खांबांवरचा पत्रा म्हणजे पोकळ वाहक नव्हे, बाजू उघड्या आहेत. वीज पत्र्यावर पडून तिथून खांबाजवळ उभ्या माणसावर उडी मारू शकते, जमिनीतून पायातही येते. उघडा ट्रॅक्टर तसाच, झाडाखाली तर अजिबात नको. पत्र्याच्या टपाची बंद गाडी चालते, आणि ती टायरमुळे वाचवते असं म्हणतात ते खोटं, करंट गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो म्हणून आतला माणूस वाचतो. काचा वर, हात धातूपासून लांब. नाहीतर पक्कं घर गाठायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, वैरण भिजली तरी चालेल.