बकल गंजतं, हुक निसटतो

प्रश्न : अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडी चालवतो. पट्ट्याच्या पितळी बकलाचा लोखंडी काटा गंजून तुटतो, हुकही निसटतो. काय बदलावं?

उत्तर : खाऱ्या पाण्यात पितळ-लोखंडाची जोडीच वाईट, पितळ टिकतं, लोखंड झपाट्याने झिजतं. काट्यासकट अख्खं बकल ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या, ३०४ दर्जाच्या स्टीलला किनाऱ्यावर तांबूस ठिपके येतात. २५ मिमी पट्ट्याला ५ मिमी जाड काटा पुरे. पट्टा बकलाभोवती दुमडतो तिथलं काट्याचं भोक लांबट पाडा, गोल भोकात काटा तिरका बसतो आणि तिथूनच चामडं फाटतं.

हुक ताणात नव्हे, पट्टा ढिला पडला की निसटतो. तोंडाला स्प्रिंगची पट्टी हवी, तीही स्टेनलेसची. मात्र असा हुक ताणात उघडत नाही. घोडा पडला तर पंचाईत! म्हणून ओढीच्या पट्ट्याला सरकत्या कडीचा, ताणातही सुटणारा हुकच लावा.