पोलीस ठाण्यातून मुलाला बोलावलंय, आता अटक होईल का?

प्रश्न: लालबागला चाळीत राहतो. नळावरून भांडण झालं, माझ्या मुलाने शेजाऱ्याला थोबाडीत मारली. त्याने तक्रार दिली. ठाण्यातून फोन आला, मुलाला घेऊन या. ओळखीचे एक जण म्हणतात, आधी अटकपूर्व जामीन काढा. काय करू?

उत्तर: ताई, जामिनासाठी दागिने मोडू नका. आधी फक्त एवढं विचारा: एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली आहे की एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याची नोंद)? नंबर आणि कलम लिहून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

थोबाडीत आणि शिवीगाळ एवढंच असेल तर भारतीय न्याय संहितेची कलम 115(2) आणि 352 लागतात. दोन्ही अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो. अशा वेळी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यातच मागता येतो. तो अर्ज इथे टिकणारच नाही. घाबरलेल्या आईला असा खर्च सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग फोन कशासाठी? मुंबईत एनसीनंतर अनेकदा चॅप्टर केस होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली सहायक पोलीस आयुक्त कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नोटीस काढतात आणि शांतता राखण्याचा बाँड, म्हणजे लेखी हमी, का घेऊ नये, असं विचारतात. बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. ही शिक्षा नाही, मुलगा गुन्हेगार ठरत नाही. पण तारखा चुकवू नका आणि त्या काळात पुन्हा हात उचलू देऊ नका.

काळजीची जागा वेगळी आहे. शेजाऱ्याच्या वैद्यकीय तपासणीत दात पडल्याचं किंवा हाड मोडल्याचं आलं तर ती जबर दुखापत, न्याय संहितेचं कलम 117(2), आणि ते दखलपात्र आहे. मग एफआयआर होईल. तरीही ते कलम जामीनपात्र आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, हजर राहण्याची नोटीस देतात. तिच्याप्रमाणे हजर राहिल्यास, कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. अटक झालीच तर तिची कारणं मुलाला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजेत आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे.

उद्या दिवसाउजेडी वकिलाला घेऊन मुलाबरोबर जा, टाळाटाळ नको. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. जबाब पूर्ण वाचून घ्या. शेजाऱ्यानेही मारलं असेल तर मुलाची एनसी त्याच दिवशी नोंदवा, पण जे घडलं तेवढंच सांगा. वाढवून सांगितलेली तक्रार पुढे उलटतपासात उघडी पडते. कलमं कळली की मला लिहा.